वडिलांची पद्मिनी ठेवायची, तर रोजची गाडी कोणती?

वाचकाचा प्रश्न : सोलापुरातील एक वाचक टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतात. पत्नी मोहोळ रस्त्यावरील एका गावात शिक्षिका आहेत. घरी आई आणि सहावीत शिकणारा मुलगा आहे. वडिलांनी १९९१ मध्ये सेकंड हँड घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी त्यांनी वडील २०२२ मध्ये गेल्यानंतर दुरुस्तीला काढली. इंजिनाचे काम झाले आहे, पत्र्याचे अर्ध्यावर आहे, रंग आणि वायरिंग बाकी आहे. आतापर्यंत दीड लाखाहून अधिक रुपये खर्च झाले असून मिस्त्रींच्या अंदाजाने अजून १ लाख २० हजार लागतील. त्यातील ७० हजार रंग आणि क्रोमचे आहेत. आज घरात चालती चारचाकी नाही. पत्नी स्कूटर आणि एसटीने जातात, आईला रिक्षाने दवाखान्यात न्यावे लागते. बर्फाच्या देशांतील हौशी लोक हिवाळ्यापुरती एक स्वस्त गाडी ठेवतात आणि आवडती गाडी जपतात, हे पाहून या वाचकांनी ९० हजारांत एखादी छोटी जुनी गाडी घेण्याचे ठरवले आहे. पत्नीचे म्हणणे, पद्मिनी विकावी आणि सगळे पैसे एकत्र करून एकच धड गाडी घ्यावी. पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो, बाबांची गाडी विकायची नाही. खर्चाचे मात्र तो नावही काढत नाही. वाचक विचारतात, ‘दोन गाड्या ठेवणे हा शहाणपणा आहे की चैन? मी स्वार्थीपणा करतो आहे का?’

उत्तर :

स्वार्थाच्या प्रश्नाकडे मी थोडे पुढे वळेन, कारण त्याचे उत्तर तुम्ही दुसरी गाडी कोणासाठी आणि कशी घेता यावर बरेचसे अवलंबून आहे. आधी तुम्हाला पटलेली ही कल्पना मुळात कुठली, ते पाहू. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत, स्वीडन-फिनलंडसारख्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतो आणि तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकले जाते. मिठामुळे पाणी शून्य अंशाखालीही लगेच गोठत नाही आणि रस्ता मोकळा राहतो. पण तेच खारे पाणी गाडीच्या तळाला, मडगार्डच्या आतल्या कडांना, ब्रेकच्या नळ्यांना चिकटून राहते आणि काही हिवाळ्यांत पत्रा खाऊन टाकते. म्हणून तिकडचा गाडीवेडा माणूस थंडी सुरू होताच आपली लाडकी गाडी झाकून ठेवतो आणि पुढचे काही महिने एखादी पडेल किमतीची जुनी गाडी मिठातून हाकतो. ती गाडी खर्ची घालण्यासाठीच घेतलेली असते. तिथल्या हवेत हा हिशेब बिनचूक आहे.

सोलापूरच्या रस्त्यांवर धूळ आहे, खड्डे आहेत, उन्हाबद्दल तर बोलायलाच नको. मीठ मात्र नाही. आपली हवा कोरडी आणि पाऊस बेताचा असल्यामुळे इथे पत्रा मुंबई-कोकणाच्या मानाने कितीतरी अधिक टिकतो. तुमची चाळीस वर्षे उलटलेली पद्मिनी आजही दुरुस्त करण्याच्या स्थितीत आहे, याचे थोडे श्रेय वडिलांच्या निगराणीबरोबर या कोरड्या हवेलाही द्यायला हवे. आपल्याकडे जुन्या गाडीला खरा त्रास होतो तो मार्च ते जूनमध्ये. ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेले की दारांची रबरे आणि डॅशबोर्ड तडकतात, सीटची शिवण उसवते, बॅटरीतले पाणी आटते. पद्मिनीचा पेट्रोल पंप तर इंजिनालाच बसवलेला असतो. एप्रिलमधल्या दुपारी सात रस्ता चौकात गाडी दोन मिनिटे खोळंबली की इंजिनाच्या धगीने पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच ओढत राहतो, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडते. मग बॉनेट उघडून पंपाभोवती ओले फडके गुंडाळायचे आणि पंप निवेपर्यंत मागच्यांचे हॉर्न ऐकायचे. हा उपाय तुमच्या वडिलांनीही कधी ना कधी केला असणार.

याचा अर्थ असा की ऋतूंचे गणित आपल्याकडे उलटे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पद्मिनी झाकून ठेवण्याचे महिने नव्हेत. तेच तिला बाहेर काढण्याचे महिने आहेत. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत थंड सकाळी तुळजापूर किंवा अक्कलकोटला जाऊन यावे, इतके काम तिला सहज झेपेल. पथ्य एकच : याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम असतो आणि मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि तिचे दिवे तिच्या काळाचे आहेत, तेव्हा तिला दिवेलागणीआधी घरी आणलेले बरे. ऊन आणि पावसाळा हे तिच्या विश्रांतीचे महिने. तुमची ‘हिवाळ्याची’ स्वस्त गाडी त्यामुळे प्रत्यक्षात बाराही महिने चालणारी गाडी असेल, हे आधी मनाशी स्पष्ट करून घ्या. कारण चार महिन्यांची तडजोड म्हणून घेतलेली गाडी आणि बारा महिने घराचा भार वाहणारी गाडी यांची निवड एकाच मापाने करता येत नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती हीच गोष्ट. पद्मिनीचे ओरखडे, पद्मिनीचा गंज, पद्मिनीचे ऊन यांविषयी तुम्ही पान-दीड पान लिहिले आहे. दुसऱ्या गाडीविषयी मात्र ‘कशीही चालेल, स्वस्त हवी’ एवढे एकच वाक्य आहे. ती गाडी चालवणार कोण? तुमचा कारखाना जवळ आहे आणि तुम्ही मोटारसायकलने जाता, असे तुम्हीच लिहिता. म्हणजे ती गाडी चालवणार तुमच्या पत्नी, तीही पुणे महामार्गावर, कंटेनर आणि उसाच्या वाहनांमधून. आणि मागे बसणार तुमच्या आई, बहुधा दुखऱ्या गुडघ्यांनी. जी गाडी वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणार तिला सत्तर हजारांचा रंग, आणि जी रोज महामार्गावर धावणार ती ‘कशीही चालेल’, हा क्रम पत्नीच्या नजरेतून एकदा पाहा. त्यांचा विरोध पद्मिनीला आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला तो या क्रमाला असावा असे वाटते. स्वार्थाविषयी तुम्ही विचारले होते : वडिलांची गाडी ठेवावीशी वाटणे हा स्वार्थ नाही, पण आजचे हे वाटप जसे आहे तसेच राहिले तर तो आरोप तुम्हाला टाळता येणार नाही.

तेव्हा माझी पहिली सूचना पैशांची आहे, आणि हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाला ती पटकन कळेल. पद्मिनीचा रंग आणि क्रोम किमान वर्षभर पुढे ढकला. ते ७० हजार आणि स्वस्त गाडीचे ९० हजार मिळून १ लाख ६० हजार होतात. त्यातील १ लाख २० हजारांच्या आतबाहेर गाडी शोधा आणि उरलेले ४० हजार तिच्या पहिल्याच महिन्यातील कामासाठी बाजूला ठेवा. जुनी गाडी घेताना सगळे पैसे विक्रेत्याच्या हातात देऊन रिकाम्या खिशाने घरी येणे ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. चार टायर, बॅटरी, ब्रेकचे लायनर आणि पॅड, क्लच, सगळी तेले आणि फिल्टर यांचा खर्च त्या गाडीला लागणारच असतो, आणि तो टाळला की ‘स्वस्त गाडी’ रस्त्यात उभी राहते. जुन्या मारुती ८०० आणि आल्टोच्या ७९६ सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट असतो; तो कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेला नाही असेच धरा आणि लगेच बदलून घ्या.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे आणि आल्टोचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात आणि ती गाडी उघडता न येणारा मिस्त्री जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. दुसऱ्या गाडीसाठी हा गुण मोठा आहे. मात्र सुरक्षिततेच्या बाबतीत या गाड्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या आल्टो ८०० ला एकही तारा मिळाला नव्हता. रोजचा महामार्ग लक्षात घेता, एअरबॅग असलेली आणि थोडी जड गाडी वाढवलेल्या रकमेत बसत असेल, तर मॉडेल एखाद-दोन वर्षे जुने चालेल, पण तीच घ्या. ती बसलीच नाही तर निदान चारही सीट बेल्ट धड आहेत, दिवे स्वच्छ उजेड देतात आणि टायर ताजे आहेत, एवढे पाहा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी सात-आठ वर्षांचे टायर आपल्या उन्हात महामार्गावर चालवण्याच्या लायकीचे उरत नाहीत.

कुठली गाडी घेऊ नये, हेही सांगायला हवे. सोलापूरला कर्नाटक जवळ असल्यामुळे विजयपूरच्या केए-२८ किंवा कलबुर्गीच्या केए-३२ क्रमांकाच्या गाड्या इथे कमी भावात दाखवल्या जातात. त्या कायमच्या इथे वापरायच्या तर तिथले ना हरकत प्रमाणपत्र आणायचे, महाराष्ट्राचा कर भरायचा आणि नवा क्रमांक घ्यायचा, हे सगळे करावे लागते. भावातला फायदा तिथेच संपतो. सोलापूरच्याच एमएच-१३ क्रमांकाची गाडी मिळाली तर उत्तम, पुण्याची चालेल. मुंबई किंवा कोकणातली असेल तर आधी तळ पाहा. परदेशात रस्त्यावरचे मीठ जे करते, ते आपल्याकडे समुद्राची खारी हवा करते. पायाखालचे मॅटिंग उचला, डिकीतले स्टेपनी ठेवायचे खोलगट पाहा, दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. फुगे आलेले असतील किंवा पुट्टीचा जाड थर लागला असेल तर किंमत न विचारताच परत या. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

कागदांचे म्हणाल तर आरसीवरील वैधतेची तारीख ही किमतीइतकीच महत्त्वाची आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. सहा महिन्यांत मुदत संपणारी गाडी विक्रेता ‘स्वस्तात’ देतो तेव्हा पासिंगचा, पर्यावरण कराचा आणि त्यासाठी कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च तो तुमच्या गळ्यात घालत असतो. जुने चलन थकले आहे का आणि बँकेचा बोजा उतरला आहे का, हे परिवहन विभागाच्या अॅपवर पाहून घ्या. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका आणि विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. ‘नावावर नंतर करू’ म्हणणारा एजंट कितीही गोड बोलत असला तरी त्याच्याकडे पाठ फिरवा.

आता पत्नीच्या प्रस्तावाविषयी. पद्मिनी विकून एकच चांगली गाडी घ्यावी, हे म्हणणे व्यवहाराला धरून आहे आणि त्याचा नीट विचार तुम्ही केलेला दिसत नाही. पण त्या हिशेबात एक अडचण आहे, ती त्यांनाही सांगा. सुट्या भागांत पडलेल्या पद्मिनीला आज ग्राहक तिच्या भागांचीच किंमत देईल. खर्च केलेले दीड लाख त्यातून परत येणार नाहीत आणि नव्या गाडीच्या दर्जात फारसा फरक पडेल एवढी भरही त्यातून पडणार नाही. म्हणजे विकण्याचा खरा लाभ पैशांचा नाही. तुमचे रविवार मोकळे होतील, दारातली जागा मोकळी होईल आणि दर महिन्याला गॅरेजकडे जाणारी रक्कम थांबेल, हा तो लाभ. घराच्या दृष्टीने तोही लहान नाही. तुम्ही दोघांनी बोलायचे असेल तर या तीन गोष्टींवर बोला, गाडीच्या किमतीवर नव्हे.

त्याआधी तुम्हाला स्वतःशी एक गोष्ट ठरवावी लागेल. पद्मिनीकडून तुम्हाला नेमके काय हवे आहे? काहींना जुनी गाडी चालवायची असते, काहींना ती खोलून जोडण्यात रस असतो, तर काहींना फक्त ती घरातून जाऊ द्यायची नसते. पत्रावरून तुम्ही तिसऱ्या गटातले असावेत असे मला वाटते; दुरुस्तीच्या कामाविषयी तुम्ही उत्साहाने एकही ओळ लिहिलेली नाही, वडिलांच्या स्टीअरिंगवरच्या गिअर टाकण्याच्या लकबीविषयी मात्र बरेच लिहिले आहे. तसे असेल तर शोरूमसारखा रंग, चकचकीत बंपर, नव्या सीट यांची गरजच नाही. वडिलांनी जशी चालवली तशी, जुन्याच रंगात, नीट थांबणारी आणि नीट सुरू होणारी गाडी तुम्हाला पुरेशी आहे, आणि तिचा खर्च मिस्त्रींच्या अंदाजापेक्षा बराच कमी आहे.

‘ही तर सोलापूरचीच गाडी’ असेही तुम्ही लिहिले आहे. अभिमान रास्त आहे : प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन करणाऱ्या वालचंद हिराचंदांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. पण ते १९५३ मध्ये गेले, फियाट ११०० च्या या अवताराला ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये मिळाले आणि ती तयार होत असे कुर्ल्याला. गावाचा अभिमान म्हणून गाडी ठेवायची असेल तर जरूर ठेवा. पत्नीशी बोलताना मात्र हा मुद्दा फार उपयोगी पडेल असे वाटत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे, आणि माझ्या मते सर्वांत आधी तीच मार्गी लावायला हवी. आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर आहे आणि वडिलांनी शेवटचे पासिंग २०१९ मध्ये केले होते. म्हणजे त्या नोंदणीची मुदत २०२४ मध्येच संपली. मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो; तो झालेला नाही. नूतनीकरणाला उशीर झाला की दरमहा ५०० रुपयांची जादा आकारणी नियमांत आहे आणि वीस वर्षांवरील हलक्या चारचाकीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे. हे आकडे मिस्त्रींच्या अंदाजात नाहीत, तेव्हा ते तुमच्या वहीत आजच चढवा. तपासणीसाठी गाडी चालत्या स्थितीत न्यावी लागणार, म्हणून कामाचा क्रम पासिंगला लागणाऱ्या गोष्टींपासून लावा : ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न, स्टीअरिंग, टायर. इंजिन आणि चॅसिस क्रमांक स्वच्छ वाचता येतील असे ठेवा. पत्र्याचे काम करणारा माणूस घाईत त्यावरून ग्राइंडर फिरवतो आणि मग वर्षभर खेटे घालावे लागतात. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही लागेल. दिल्लीतील पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांच्या बातम्या वाचून तुम्ही घाबरला आहात, पण तो नियम दिल्ली परिसरापुरता आहे. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचा मोहही आत्ता नको. तुमची गाडी अजून त्या वयाची नाही. शिवाय त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, आईला घेऊन तुळजापूरला जाता येत नाही.

भावाचा प्रश्नही याच कागदात सुटतो. गाडी तुमच्या नावावर व्हायची तर आई आणि भाऊ या दोघांची लेखी संमती लागेल. त्यासाठी भावाला फोन कराल तेव्हा रागाने बोलू नका, पण स्पष्ट बोला. गाडी राहावी असे त्याला मनापासून वाटत असेल, तर टायरचा किंवा पासिंगचा खर्च त्याने उचलावा आणि दिवाळीत हक्काने गाडी चालवावी. खर्च जमत नसेल तर संमतीपत्रावर सही करावी आणि पुढे ठेवायची की विकायची हे तुमच्यावर सोडावे. दोन्हींपैकी काहीही चालेल. आज जे चालले आहे, निर्णय त्याचा आणि बिल तुमचे, तेवढे मात्र चालू ठेवू नका.

पद्मिनीच्या उरलेल्या कामात पत्र्याला थांबवून ठेवता येणार नाही. उघडा पडलेला पत्रा पावसाळ्याआधी प्रायमरखाली गेलाच पाहिजे, वरचा रंग नंतर कधीही होईल. वायरिंग जुनीच ठेवून जोड देण्यापेक्षा पूर्ण नवी करा आणि फ्यूजची संख्या वाढवून घ्या. जे भाग पुढे मिळणार नाहीत ते आधी घेऊन ठेवा : काचांची रबरे, दारांचे बिडिंग, दिव्यांच्या काचा, ब्रेक सिलिंडरचे किट. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या भागांना कायम मागणी असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली आणि ती मागणीही तिथे थांबली. दुसरे पथ्य पेट्रोलचे. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार असल्यामुळे इथे त्याविरुद्ध बोलणे जरा धाडसाचेच, पण १९८४ च्या रबरी नळ्या आणि इंजिनावरच्या पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल ते भाग फुगवते, पाणी शोषते आणि टाकीत बसलेला जुना गाळ सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये नेऊन अडकवते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा, टाकीनंतर एक फिल्टर घाला आणि गाडी गॅरेजमध्ये पडून आहे तोवर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. गाडी सुरू झाली की पंधरवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवा. नुसते जागेवर इंजिन सुरू करून बंद केल्याने बॅटरी उतरते आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते; ब्रेकचे सिलिंडर जाम व्हायचे थांबत नाहीत. झाकायला प्लॅस्टिक नको, सुती कापडच घ्या. ते आपल्या गावात महाग नाही.

एक धोका मात्र बोलून दाखवतो. रोजची गाडी दारात आली की पद्मिनीची घाई संपते आणि घाई संपलेले काम वर्षानुवर्षे रखडते. गॅरेजवाल्याचाही त्यात दोष नाही, रोज कमाईचे काम समोर असताना तो तुमची गाडी कोपऱ्यात सरकवणारच. म्हणून त्याच्याशी काम टप्प्यांनी ठरवा, प्रत्येक टप्प्याचे पैसे तो पूर्ण झाल्यावर द्या आणि पासिंगची तारीख ठरवून ती पत्नीला सांगा. दरमहा गाड्यांसाठी जी रक्कम काढाल तीतून आधी रोजच्या गाडीचे सर्व्हिसिंग आणि विमा बाजूला काढा, उरेल ते पद्मिनीचे. विम्यातही दोन गाड्यांचा भार वेगळा आहे : २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या गाडीला थर्ड पार्टीचे २,०९४ रुपये आणि १,०८९ सीसीच्या पद्मिनीला ३,४१६ रुपये, वर कर. तुम्ही ठरवलेल्या तारखेला पद्मिनी पासिंगला उभी राहू शकली नाही, तर पत्नीच्या प्रस्तावावर पुन्हा मोकळ्या मनाने बसायचे, हेही आत्ताच कबूल करा. ती गाडी पूर्ण करू शकणाऱ्या एखाद्या जाणत्या हौशी माणसाकडे गेली तर त्यात वडिलांचा अपमान नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात तिच्या तारा उंदरांनी कुरतडण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आणि गाडी पाहायला जाताना मिस्त्रींबरोबर पत्नीलाही न्या. चालवून त्यांनाच पाहू द्या, तीही गल्लीत नव्हे. थंड इंजिनाने सुरू करून महामार्गावर, चौथ्या गिअरपर्यंत, एकदा जोराचा ब्रेक मारून. आईंना मागच्या सीटवर चढता-उतरता येते का, तेही त्याच दिवशी पाहून घ्या. या दोघींपैकी एकीनेही नको म्हटले तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या आणि दुसरी पाहा.